माझ्या जमिनीत परके शिकारी, आणि माझ्या हातात रायफल

पत्र:

नमस्कार ताई. आम्ही मूळचे कऱ्हाडजवळचे, आता मॅडिसनला असतो. ग्रीनकार्ड आहे, पुढच्या वर्षी सिटिझनशिपचा अर्ज करायचाय. दोन वर्षांपूर्वी उत्तर विस्कॉन्सिनमध्ये चाळीस एकर जंगलाची जमीन घेतली. मी हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, लायसन काढलं, सगळं रीतसर. यंदा नोव्हेंबरात डीअर सीझनच्या पहिल्या शनिवारी मी आणि माझा बारा वर्षांचा मुलगा लॅडर स्टँडवर, म्हणजे झाडाला लावलेल्या शिडीच्या मचाणावर बसलो होतो. साडेसातच्या सुमारास ओढ्याच्या अंगाला काहीतरी नारिंगी, शिकारी घालतात तसं, हललं. रायफलच्या स्कोपमधून बघितलं तर दोन माणसं, दोघांकडे रायफली. माझं डोकंच फिरलं. मुलाला वर थांब म्हटलं आणि रायफल घेऊन ओरडतच त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, आम्ही तुझ्या आधीपासून इथे शिकार करतोय, तू कोण? बरीच तोंडातोंडी झाली आणि शेवटी ते निघून गेले. काही झालं नाही, पण तेव्हापासून मला धड झोप नाही. बायको म्हणते जमीन विकून टाका. ह्यूस्टनचा मित्र म्हणतो कमरेला पिस्तूल लाव, आमच्याकडे जमिनीत कुणी घुसलं तर सरळ गोळी घालता येते. जमीन माझी, टॅक्स मी भरतो, मग माझं चुकलं काय? आणि पुढच्या नोव्हेंबरात काय करू?

उत्तर:

आधी त्या स्कोपबद्दल बोलू, कारण तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात आणि माझा जीव तिथेच अडकला.

स्कोप रायफलवर बसवलेला असतो. स्कोपमधून माणूस दिसला म्हणजे नळी त्या माणसावर रोखलेली आहे, यात मधलं काही नाही. तुमच्या मनात काय होतं ते तुम्हाला माहीत, पण त्या दोघांपैकी एकानं जरी त्या क्षणी मान वर केली असती तर त्याला काय दिसलं असतं? झाडावर बसलेला एक अनोळखी माणूस माझ्यावर रायफल रोखून बघतोय, एवढंच. आणि त्याच्याही हातात भरलेली रायफल होती. विस्कॉन्सिनात जाणूनबुजून माणसाच्या दिशेनं बंदूक रोखणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, नऊ महिन्यांपर्यंत कैद आणि १०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्यासाठी गोळी सुटावी लागत नाही. कोर्समध्ये तुम्हाला बंदूक हाताळायच्या चार नियमांची ती चार अक्षरं पाठ करून घेतली असणार, टॅब-के, त्यातलं दुसरंच कलम आहे की नळी कायम सुरक्षित दिशेला. पाठ सगळ्यांचंच असतं हो, पण नारिंगी रंग हलला की हात आपोआप रायफलकडे जातो, आणि तो जाऊ नये म्हणून एकच उपाय आहे, गळ्यात दुर्बीण. रोज, कायम, स्टँडवर चढायच्या आधी. चांगली आठ बाय बेचाळीसची दुर्बीण घ्या, छातीवर हार्नेसमध्ये अडकवा म्हणजे लोंबकळत नाही, आणि स्वतःला अशी सवय लावा की दुर्बिणीतून ते हरीण आहे याची खात्री झाल्याशिवाय रायफल खांद्याला लागणारच नाही. पुढे मी जे काही लिहिणार आहे त्यातलं फक्त हे एक केलंत तरी मला बरं वाटेल.

आता तुमचा प्रश्न, माझं चुकलं काय.

जमीन तुमची आहे यात वादच नाही. विस्कॉन्सिनात खासगी जमिनीवर शिकारीला जायचं तर परवानगी लागते, बोर्ड लावलेला असो वा नसो. म्हणजे ते दोघं बहुतेक चुकीचेच होते (बहुतेक का म्हणते ते पुढे सांगते, त्यात एक भानगड असू शकते). पण तुम्ही बरोबर असणं आणि तुम्ही त्या सकाळी रायफल घेऊन खाली उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे बांध कोरला म्हणून भावाभावात कुऱ्हाडी निघतात, पिढ्यान् पिढ्या केसेस चालतात, ते रक्त आपल्यात आहेच, मी नगर जिल्ह्यातली आहे, मला वेगळं सांगायला नको. पण कुऱ्हाड चालवायला निदान जवळ जावं लागतं. तुमची फोर्टी, म्हणजे चाळीस एकरांचा चौकोनी तुकडा, साधारण १,३२० फूट बाय १,३२० फूट, पाव मैलाची एक बाजू, आणि डीअर रायफलची गोळी ते अंतर डोळ्याचं पातं लवायच्या आत ओलांडून शेजाऱ्याच्या जमिनीत जाते. तिथे तोंडातोंडी करायला गेलेल्या दोन्ही बाजूंच्या हातात असं हत्यार असतं, तेही भरलेलं, पहाटेपासून थंडीत बसून बोटं बधिर झालेली, आणि समोरचा कोण, कसा, रात्री किती प्यायलाय, काहीच माहीत नाही.

तुम्ही उत्तर विस्कॉन्सिनात जमीन घेतलीय म्हणजे २००४ सालची गोष्ट तुमच्या कानावर आली असेल, नसेल तर ऐका. २१ नोव्हेंबर २००४, सीझनचा दुसरा दिवस, सॉयर काउंटी. मिनेसोटाहून आलेला हमाँग समाजातला (मूळचे आग्नेय आशियातले लोक) एक शिकारी एका खासगी जमिनीतल्या स्टँडवर बसला होता. मालकांच्या गटातल्या एकानं त्याला बघितलं, खाली उतर आणि निघ म्हणून सांगितलं, तो उतरून निघालाही. तेवढ्यात रेडिओवरून निरोप गेला आणि केबिनमधले आणखी लोक एटीव्हीवरून, म्हणजे जंगलात चालवायच्या छोट्या चारचाकीवरून, तिथे आले, त्याला गाठलं, वाद झाला, तुझी तक्रार करतो वगैरे. मला शिव्या दिल्या, माझ्या वंशावरून बोलले, पहिली गोळी त्यांनी झाडली असं तो कोर्टात म्हणाला, वाचलेल्यांनी वेगळं सांगितलं. शेवट असा की सहा माणसं मेली, दोन जखमी झाली आणि त्याला सहा जन्मठेपा लागल्या. मेलेल्यांत बाप आणि मुलगा दोघंही होते. एक बारीक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. तेव्हा शिकाऱ्यांना पाठीवर नंबरचा बिल्ला लावावा लागायचा, तर त्या गटातल्या कुणीतरी त्याचा नंबर एटीव्हीवरच्या धुळीत बोटानं लिहून ठेवला होता. म्हणजे नंबर मिळाला होता. तिथून मागे फिरून शेरीफला फोन केला असता तर त्या माणसाला दंडाची पावती मिळाली असती आणि सगळे घरी जेवायला गेले असते. निघालेल्या माणसाला परत गाठायची गरज नव्हती.

त्या माणसानं जे केलं त्याला माफी नाही. मी सांगतेय ते एवढंच की त्या सकाळी जमिनीचे मालक कायद्यानं शंभर टक्के बरोबर होते.

आणि दुसरी बाजूही ऐका कारण ती आपल्या कातडीशी संबंधित आहे. त्यानंतर इथल्या हमाँग शिकाऱ्यांना जंगलात फार त्रास झाला, आणि जानेवारी २००७ मध्ये मॅरिनेट काउंटीत, सरकारी जंगलात, खारींच्या शिकारीला गेलेल्या एका हमाँग माणसाला एका गोऱ्या शिकाऱ्यानं मारलं. त्याला ६९ वर्षांची शिक्षा झाली. तुम्ही आणि तुमचा मुलगा त्या जंगलात इतरांना कसे दिसता हे विसरून चालत नाही. हे अन्यायाचं आहे, मला त्याचा राग येतो, पण सल्ला देताना मी ते लपवणार नाही. ओरडत, रायफल घेऊन, वेगळ्या उच्चारात बोलत येणारा सावळा माणूस, आणि समोर दोन घाबरलेले शस्त्रधारी. तुम्ही "तू कोण" ऐकलंत तेव्हा तुमचा अपमान झाला हे कळतं मला. पण त्या वेळी तुमचा बारा वर्षांचा मुलगा पंधरा फुटांवरच्या शिडीवर एकटा बसून हे सगळं बघत होता. गोळी सुटली असती तर ती कुठल्या दिशेला गेली असती हे तुम्ही रात्री जागून मोजत असणार, झोप त्यामुळेच उडालीय, आणि मला वाटतं ती उडणं हे बरोबरच आहे.

ह्यूस्टनच्या मित्राचं उत्तर थोडक्यात देते. त्याचा सल्ला त्याच्या राज्यातही खोटा आहे. टेक्सासचा कायदा मालमत्तेच्या बाबतीत इतर राज्यांपेक्षा सैल आहे हे खरं, रात्रीची चोरी, दरोडा, जाळपोळ अशा ठरावीक प्रसंगांत तिथे फार मोकळीक आहे, पण नुसतं कुणीतरी जमिनीत पाय ठेवला म्हणून गोळी घालता येते असं तिथेही नाही. आणि विस्कॉन्सिनच्या कायद्यात तर स्पष्ट लिहिलंय की फक्त मालमत्ता वाचवण्यासाठी जीव जाईल असं बळ वापरणं वाजवी धरलं जाणार नाही. २०११ ला इथे जो कॅसल कायदा, म्हणजे जबरदस्तीनं आत घुसणाऱ्याविरुद्ध स्वसंरक्षणाची जास्त मुभा देणारा कायदा, आला तो घर, गाडी, धंद्याची जागा यांच्यासाठी आहे, चाळीस एकर जंगलासाठी नाही. स्वतःचा किंवा मुलाचा जीव खरोखर धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी, पण तुम्ही स्वतः चालत जाऊन जो धोका उभा केलात त्याचं कोर्टात स्पष्टीकरण देणं फार अवघड जातं. हवेत गोळी झाडून घाबरवणं हाही मूर्खपणा आहे, ती गोळी कुठेतरी खाली येतेच आणि सीझनच्या पहिल्या शनिवारी जंगलात सगळीकडे माणसं असतात.

ग्रीनकार्डाचं वेगळं सांगते कारण तुम्ही अर्ज भरणार आहात. बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरणं हे ग्रीनकार्डवाल्यासाठी स्वतःच डिपोर्टेशनचं कारण होऊ शकतं, गुन्हा किरकोळ समजला गेला तरीही. अर्जात अटक, समन्स, सगळं लिहावं लागतं. त्या दोघांनी त्या दिवशी शेरीफला फोन करून "आमच्यावर रायफल रोखली" असं सांगितलं असतं तर आज तुम्ही जमिनीबद्दल नाही, इमिग्रेशनच्या वकिलाच्या फीबद्दल पत्र लिहीत असता. (हे वाचणारे एच-वनवालेही असतील म्हणून एक ओळ: नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगायला फेडरल कायद्यानं मुळात मनाई आहे, त्यातून सूट मिळते ती वैध हंटिंग लायसन असेल तर, आणि लायसनची मुदत संपली की ती सूटही संपते. मित्राची बंदूक "जरा बघू" म्हणून हातात घ्यायच्या आधी हे लक्षात ठेवा.)

आता ती भानगड. तुमच्या जमिनीच्या कागदात एमएफएल असा काही उल्लेख आहे का? मॅनेज्ड फॉरेस्ट लॉ म्हणून एक योजना आहे, जंगलमालकाला प्रॉपर्टी टॅक्स खूप कमी लागतो, बदल्यात जंगल शास्त्रीय पद्धतीनं सांभाळायचं, करार २५ किंवा ५० वर्षांचा. उत्तरेकडच्या कितीतरी फोर्टी यात आहेत आणि जमीन विकली तरी करार जमिनीबरोबर पुढच्या मालकाकडे जातो. त्यात जमीन ओपन किंवा क्लोज्ड ठेवता येते, क्लोज्डला जास्त पैसे भरावे लागतात. ओपन असेल तर कुठल्याही माणसाला तिथे पायी येऊन शिकार करायचा हक्क आहे. तुम्हाला विचारायचीही गरज नाही. जमीन स्वस्तात मिळाली, टॅक्स कमी आहे म्हणून खूश होऊन कागद न वाचता सही केलेले लोक मला माहीत आहेत. तुमची ओपन निघाली तर त्या सकाळी घुसखोर कुणीच नव्हतं, उलट कायदेशीर शिकार करणाऱ्या माणसाला जाणूनबुजून अडथळा आणणं हा इथे वेगळा गुन्हा आहे, म्हणजे डाव तुमच्यावरच उलटला असता. डीएनआरच्या (राज्याचं जंगल-शिकार बघणारं खातं) वेबसाइटवर अशा ओपन जमिनींचा नकाशा आहे, आजच बघा. आणि तो ओढा बोटी जातील असा, म्हणजे नॅव्हिगेबल धरला जात असेल तर पाण्यात पाय ठेवून चालत येणाऱ्यालाही तिथे येता येतं, काठावर चढला की मग तुमची हद्द.

हद्दीवरून आठवलं. फोनच्या ॲपमध्ये जी रेघ दिसते ती हद्द नाही. ती काही फूट, कधी बरीच जास्तही, इकडेतिकडे असते, झाडीखाली जीपीएस अजून हलतं, आणि जुनं तारेचं कुंपण तर कुणाच्या तरी आजोबांनी गुरांसाठी सोयीनं घातलेलं असतं. भांडायला जायच्या आधी सर्व्हेयर बोलवून कोपरे शोधून घ्या. पैसे जातात, पण ते पैसे त्या जमिनीवर खर्च झालेले सगळ्यात चांगले पैसे असतील. मग बोर्ड लावा. इथे बोर्डाचंही मोजमाप ठरलेलं आहे, किमान ११ इंच चौरस, प्रत्येक चाळीस एकराला निदान दोन ठळक जागी, त्यावर सूचना आणि तुमचं नाव आणि नावापुढे ओनर. दुकानातून नुसता "नो ट्रेसपासिंग" आणून ठोकतात आणि नावाची जागा कोरी ठेवतात, तसं करू नका. तुमचं पूर्ण मराठी नाव मोठ्या अक्षरात लिहा. बोर्डाशिवायही परवानगी लागते हे वर लिहिलंच आहे, पण बोर्ड असला की "मला माहीत नव्हतं" हे म्हणायची सोय राहत नाही आणि शेरीफच्या माणसाचं काम सोपं होतं.

आणि आता मला जे सगळ्यात मनापासून सांगायचंय ते. "आम्ही तुझ्या आधीपासून इथे शिकार करतोय" हे वाक्य तुम्हाला मुजोरी वाटलं. असेलही. पण पन्नास टक्के वेळा ते नुसतं खरं असतं. जुन्या मालकानं कधीतरी तोंडी हो म्हटलेलं असतं, बापाबरोबर ते पोरगेले असल्यापासून त्या ओढ्याला येत असतात, मग मालक म्हातारा होतो, वारतो, पोरं जमीन विकतात, आणि नव्या मालकाचं तोंडही कुणी बघितलेलं नसतं कारण नवा मालक मॅडिसनहून वर्षातून दोनदा येतो आणि गेट लावून जातो. ही माणसं कोण ते शोधून काढा. उन्हाळ्यात. अवघड नाही, गावातल्या गॅस स्टेशनवर, टॅव्हर्नमध्ये, टाउन चेअरमनला विचारलंत की दहा मिनिटांत कळतं कुणाचा ट्रक. मग जा त्यांच्या घरी, दिवसाउजेडी, मुलाला आणि बायकोला घेऊन, हात मोकळे. सांगा की मी नवा मालक, त्या दिवशी दोघांचाही पारा चढला होता, मी मुलाला घेऊन इथे शिकार करतो आणि ओपनिंग वीकेंडला मला जागा मोकळी हवी. बाकी काय द्यायचं ते तुम्ही ठरवा. कुणी मालक बो सीझनला, म्हणजे धनुष्यबाणाच्या शिकारीला, परवानगी देतात, कुणी ओपनिंग वीकेंडनंतरचे दिवस देतात, त्याबदल्यात ती माणसं वर्षभर जमिनीवर लक्ष ठेवतात, पडलेलं झाड रस्त्यावरून काढतात, आणि दुसऱ्या कुणाला घुसू देत नाहीत. परवानगी द्यायची तर कागदावर द्या, नाव, तारखा, कुठल्या भागात, गाडीचा नंबर. उद्या कुणी पडलं झडलं तर केस करेल ही भीती आपल्या लोकांना फार असते, पण विस्कॉन्सिनात जमीनमालकाला अशा करमणुकीच्या वापरासाठी कायद्यानं चांगलं संरक्षण दिलंय, फुकट परवानगी दिलीत आणि मुद्दाम काही घातपात केला नाहीत तर सहसा तुमच्यावर येत नाही. द्यायची नसेल तर तेही समोर बसून सांगा. नाही हा शब्द चहाच्या टेबलावर ऐकायला माणूस तयार असतो, जंगलात नसतो.

एवढं करूनही पुढच्या नोव्हेंबरात कुणी आलंच तर?

स्टँडवर बसून राहा. दुर्बिणीतून बघा, आधी फक्त एवढंच की जखमी हरणाचा माग काढत आलेत का. मान खाली, जमिनीवर रक्त शोधत हळूहळू चालणारी माणसं बहुतेक तीच असतात. कायद्यानं त्यांनाही तुमची परवानगी लागते, पण तिथे मन मोठं करा, मारलेलं जनावर जंगलात सडण्यापेक्षा मारणाऱ्याला मिळालेलं बरं. तुमच्या दिशेला आले तर वरूनच, शांतपणे, हात हलवून हाक मारा, "मॉर्निंग! यू गाइज ट्रॅकिंग अ डीअर?" हा प्रश्न फार उपयोगी आहे कारण त्यात आरोप नाही, समोरच्याला इज्जत राखून निघायची वाट मिळते. मग "धिस इज माय लँड, आय हॅव माय सन विथ मी" एवढं पुरे. सन म्हटलं की बहुतेक बाप माणसं टोपीला हात लावून मागे फिरतात. वाद घालायला लागले तर घालू द्या, तुम्ही म्हणायचं "ओके, हॅव अ सेफ हंट" आणि गप्प. सकाळ बिघडेल. बिघडू द्या.

खाली उतरायचं नाही, कारण वरून उतरताना तसंही रायफल रिकामी करायचीच असते, दोरीनं खाली सोडायची असते, तो सगळा घोळ कुणी रागानं बघत असताना, मुलगा वर असताना करायचाच कशाला. पण जमिनीवरच गाठ पडली, वाटेवर समोरासमोर आलात, तर पहिलं काम त्यांना दिसेल असं रायफल मोकळी करणं. नळी त्यांच्यापासून लांब, जमिनीकडे, बोल्ट (नळीच्या मागचा सरकता दांडा) मागे ओढा, काडतुसं हातात घेऊन खिशात टाका, बोल्ट उघडाच ठेवा आणि पट्ट्यानं खांद्याला अडकवा. हे करताना तोंडानं सांगा, "जस्ट अनलोडिंग." बहुतेक वेळा समोरचाही तेच करतो, न सांगता. दोन उघडे बोल्ट दिसले की आवाज आपोआप खाली येतात, मी हे होताना बघितलंय. कुणाला त्याची बंदूक खाली ठेव म्हणून हुकूम सोडू नका, त्याच्या बंदुकीला हात लावू नका, वाट अडवू नका, त्याच्या ट्रकला गाडी आडवी लावू नका. निघाला की मागे जाऊ नका. समोरचा बंदूक मोकळी न करणारा असेल, नळी तुमच्याकडे वळत असेल, शिवीगाळ सुरू झाली असेल तर तुम्ही निघा, मुलाला घेऊन, जमीन तुमची असली तरी तुम्हीच निघा, आणि ९११.

नुसती घुसखोरी असेल तर शेरीफच्या ऑफिसचा साधा नंबर, तो आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा. हरणाची चोरटी शिकार, रात्री दिवा लावून मारणं असलं काही असेल तर डीएनआरची हॉटलाइन. फोनवर पत्ता सांगायची पंचाईत होते, कारण मोकळ्या जंगलाला तो घराबाहेरच्या खांबावरचा फायर नंबर बहुतेक नसतो, म्हणून जवळच्या दोन रस्त्यांचा चौक आणि जीपीएसचे आकडे लिहून पाकिटात ठेवा. तिकडे रेंजही धड नसते, कुठे उभं राहिलं की फोन लागतो ते आधी शोधून ठेवा. आणि फोनवर स्वतःचं वर्णन सांगा: मी मालक, माझ्याबरोबर लहान मुलगा आहे, अंगावर नारिंगी जॅकेट, रायफल रिकामी आहे आणि गाडीत ठेवलीय. डेप्युटी येईल तेव्हा रायफल खरंच गाडीत असू द्या, हात दिसतील असे. त्याला कोण मालक आणि कोण घुसखोर हे चेहऱ्यावरून कळणार नाही, आणि तो काय गृहीत धरेल यावर भरवसा ठेवू नका. डीडची, म्हणजे खरेदीखताची, प्रत गाडीच्या डॅशबोर्डात ठेवा. पाठीवरचे नंबरचे बिल्ले २०१६ पासून बंद झाले, त्यामुळे आता ओळख पटवायला गाडीची नंबरप्लेट आणि ट्रेल कॅमेरा हेच. एक कॅमेरा हरणाच्या वाटेवर न लावता जुन्या लॉगिंग रोडच्या तोंडाशी, जिथून गाडी येते तिथे, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच लावा.

पिस्तूल घेऊ नका. तुमच्या प्रश्नाला पिस्तूल हे उत्तर कुठल्याच बाजूनं नाही, त्यानं फक्त खाली उतरायचा धीर वाढेल, आणि मला तो वाढायला नकोय.

बायकोला म्हणावं जमीन विकायची घाई नको, पण तिची भीती खोटी नाही, तिला नकाशा दाखवा, शेजाऱ्यांकडे जाताना तिला पुढे करा, मुलाला परत न्यायचं की नाही हे दोघांनी मिळून ठरवा. मुलाशीही बोला. त्यानं वरून सगळं पाहिलंय आणि बाबा बरोबर होते की चूक हे तो मनातल्या मनात ठरवत असेल. त्याला स्कोपचं सांगा, आपण खाली उतरायला नको होतं हे सरळ शब्दात सांगा, पुढच्या वर्षी कुणी दिसलं तर कसं वागायचं ते दोघं मिळून घराच्या मागच्या अंगणात करून बघा, रायफलशिवाय. मुलं हे पटकन शिकतात. आणि पुढच्या वेळी काही झालं तरी त्याला स्टँडवर एकटं सोडायचं नाही.

सर्व्हेयरला मात्र आत्ताच फोन करा, बर्फ वितळला की सगळ्यांना एकदमच जमिनी मोजायच्या असतात आणि मग तारीख मिळत नाही.